गुडघे जुळवणारी आत्या

रविवारी तोआकासे चर्चच्या दारात उभी राहते, ती काही आल्या-गेल्याचं स्वागत करायला नाही. ती पावलं बघते. दहा ते पंधरा वर्षांची पोरं पायऱ्या चढत असली की तिची नजर चुकूनसुद्धा त्यांच्या तोंडाकडे जात नाही, थेट खाली. एखादं पाऊल जरा बाहेर वळलेलं दिसलं, एखादं पोर किंचित लंगडलं, की हिने त्याचा दंड धरलाच म्हणून समजा. "इकडे ये. चाल पाहू त्या फणसापर्यंत. आता ये परत. कुठे दुखतं? गुडघ्यात? बस इथे. दोन्ही पाय डावीकडे घे. आता उजवीकडे घे." आत पहिलं गीत सुरू झालेलं असतं, आणि बाहेर पायरीवर इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतलं ते पोर पाय इकडून तिकडे करत बसलेलं असतं. एखादी आई कुरकुरली तर तोआकासे म्हणते, "देवाला घाई नाही गं. तो थांबेल." मग आई गप्प बसते, कारण तोआकासेशी वाद घालण्याची आमच्या एउआ बेटावर कुणाची छाती नाही.

साठीला आलेली बाई. उंचीने बेताची, रुंदीने ऐसपैस, आवाज असा की समुद्रात गेलेली होडी परत बोलवावी. चाळीस वर्षं तिने गावातल्या मुलींना नाच शिकवला. आमच्याकडे मुलीचा एकटीचा नाच म्हणजे सगळा हातांचा आणि मानेचा कारभार. पाय फार हलत नाहीत. पण गुडघे मात्र जुळलेले हवेत, किंचित वाकलेले, पावलं जवळजवळ, समोर बघणारी. गुडघ्यांमध्ये फट दिसली की त्या मुलीच्या आईला तीन गावांत तोंड लपवावं लागतं. तेव्हा तोआकासेच्या ओसरीवरून संध्याकाळी जो शब्द ऐकू यायचा तो एकच. "गुडघे!" नारळ सोलणारे पुरुषसुद्धा तो ऐकून नकळत पाय जवळ घ्यायचे, असं लोक सांगतात. अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

त्यात ती आत्या. आमच्याकडे आत्या म्हणजे घरातलं शेवटचं कोर्ट. भावाच्या पोरांच्या लग्नात, मयतात सगळ्यांत वरची जागा तिची, चांगली चटई तिची, डुकराच्या पाठीचा तुकडा तिचा. आणि तिचा शब्द खोडायचा नाही. बाप खोडत नाही, आई तर नाहीच नाही. हे सगळं सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, आई-बाप काय झोपले होते का.

तोआकासेच्या धाकट्या भावाचं नाव हेनेली, भावजयीचं मेलियामे, आणि त्यांची मधली मुलगी टोकिलुपे. सगळे लुपे म्हणायचे. बाराव्या वर्षीच लुपे आईच्या डोक्यावर गेली होती. अंगाने भरलेली, हसरी, आणि हात तर असे की तोआकासेने तिला पाचव्या वर्षीच हेरून ठेवलं होतं. "ह्या पोरीच्या मनगटात माझी आई आहे," ती म्हणायची. गावात चर्चचं नवं सभागृह बांधायला घेतलं होतं. त्याच्या उद्घाटनाला लुपेने नाचायचं हे आत्याने परस्पर ठरवूनही टाकलं.

आणि जूनमध्ये लुपेचं डावं पाऊल बाहेर जायला लागलं.

"पाऊल आत! गुडघे!"

"आत्या, गुडघा दुखतो गं."

"दुखणारच. माझेही दुखायचे. नाच काय आयता येतो?"

लुपे पाऊल आत घ्यायची, दोन ओळी नाचायची, पाऊल पुन्हा बाहेर. तोआकासेचं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत तिने सरळ न केलेलं पाऊल नव्हतं. शेवटी तिने पेटीतून एक जुना विणलेला पट्टा काढला. तोआकासे लहान असताना तिच्या आत्येने तिचे गुडघे ह्याच पट्ट्याने बांधले होते. तोच तिने लुपेच्या गुडघ्यांच्या वर करकचून बांधला. रोज संध्याकाळी तासभर. सराव संपला की गुडघ्याला खोबरेल तेल चोळायची, तेही मनापासून. माया नव्हती असं कुणी म्हणू नये. पोरगी ओठ चावून उभी राहायची. रडली नाही, कारण आत्यासमोर रडायचं नाही हे तिला कळत होतं.

मेलियामेने एकदाच तोंड उघडलं. "वन्सं, पोरगी लंगडते हो. शाळेतून येताना मी पाहिलं."

"आळस लंगडतोय, पोरगी नाही. तुमच्या घराण्यात सगळे असेच पाय फाकून चालतात."

मेलियामे खाली मान घालून कंदमुळं सोलत राहिली. हेनेलीलाही बोलायचं होतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण थोरल्या बहिणीला उलटून बोलायचं म्हणजे काय, ते आमच्याकडे विचारू नका. तो उठला आणि डुकरांना खोबरं घालायला निघून गेला. असे सात आठवडे गेले.

ऑगस्टमध्ये बायकांनी न्गातूचं काम काढलं. सालीच्या कापडाचे तुकडे एकाला एक चिकटवून मोठा पट करायचा, वर तपकिरी रंग घासायचा. लांबलचक फळी, फळीच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने बसलेल्या बायका, हात रंगाने माखलेले आणि तोंडं गावभरच्या बातम्यांनी. आमच्या बायका मांडी घालत नाहीत, दोन्ही पाय एका अंगाला दुमडून बसतात. दाटीत सगळ्यांनी पाय एकाच अंगाला घ्यायचे असतात, त्या दिवशी डावीकडे, नाहीतर शेजारणीच्या मांडीत पाऊल. लुपे मध्येच बसली होती आणि तिचे पाय उजवीकडे.

"ए पोरी, लाथा काय मारतेस?" शेजारची बाई ओरडली. "माझ्या पोटात पाय घालतेस की काय?"

"पोटच एवढं पसरलंय, पाय जाणार कुठे?" पलीकडून कुणीतरी म्हणालं. बायका खिदळल्या.

लुपेही हसली, पण पाय हलवले नाहीत. समोरच्या रांगेतून तोआकासे उठली. रंगाचे हात तिने कमरेच्या फडक्याला पुसले. "एवढंही वळण नाही लागलं?" म्हणत ती लुपेच्या मागे बसली, एक हात गुडघ्यावर, एक मांडीवर ठेवला, आणि पाय डावीकडे वळवायला गेली.

पाय वळला नाही.

पोरीने अंग आवळलं असं नाही. तोआकासेच्या हातांना तेवढं कळतं. आवळलेला पाय कसा, हट्टी पाय कसा, थकलेला कसा, हे तिला अंधारातसुद्धा सांगता येईल. हा त्यांतला कुठलाच नव्हता. हा आतूनच अडला होता, दाराला आडणा लावावा तसा. आणि अडला होता गुडघ्यात नाही, वर, खुब्यात. तिने हात जागच्या जागी थांबवला. लुपेच्या कपाळावर घाम आला होता. तोआकासेने तो बघितला आणि पाय होता तसा अलगद सोडला.

"हे कधीपासून होत नाही?" तिने हळू विचारलं. तोआकासे हळू बोलली म्हणून सगळ्या बायकांचे हात थांबले.

"पट्टा बांधायला लागलीस त्याच्या आधीपासून," लुपे म्हणाली. "आत्या, मी आळशी नाही गं."

तोआकासे तशीच उठली. हेनेलीला हाक मारून गाडी काढायला लावली.

बेटावरच्या छोट्या इस्पितळात तेव्हा पिसिला नावाची तरुण डॉक्टरीण होती. एकेकाळी हीही तोआकासेच्या ओसरीवर नाच शिकायला यायची, आणि "तुझे गुडघे सात जन्मांत जुळायचे नाहीत" असं ऐकून घरी जायची. तिने लुपेला पाठीवर झोपवलं आणि डावा पाय हलक्या हाताने गुडघ्यात वाकवून वर उचलला. गुडघा सरळ छातीकडे यायला हवा, तो आपसूक बाहेर, खांद्याच्या दिशेला गेला. पिसिलाचा चेहरा बदलला. एक्स-रे काढला, प्रकाशासमोर धरला, आणि मग ती अशा आवाजात बोलली की तोआकासेला वाटलं, हा तर माझाच आवाज.

"आत्ता ह्या घडीपासून हा पाय खाली टेकवायचा नाही. एक पाऊलसुद्धा नाही. मोरीत जाण्यापुरतंही नाही. कळलं?"

"अगं, पण चालत आलीये ती."

"आली, हे नशीब. दुखतं गुडघ्यात, पण आजार खुब्यात आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या जागेवरून सरकलाय. अजून धरून आहे. पाय कुठे ठेचकाळला, पोरगी घसरली, तर पूर्ण सुटेल. सुटला तर त्याचं रक्त तुटायची भीती, आणि रक्त तुटलं की गोळा मरतो. मग ती लंगडणार, जन्मभर. उद्याच्या बोटीने मोठ्या बेटावर. ऑपरेशन."

मेलियामेने पदर तोंडाला लावावा तसं फडकं तोंडाला लावलं. पिसिला लिहायला बसली. "दुखणं कधीपासून?"

मेलियामेने फडकं आणखी घट्ट दाबलं. तिची नजर जमिनीवर. हेनेली खिडकीतून बाहेर बघत होता. नणंदेचं नाव घेणं तिच्याने शक्य नव्हतं आणि बहिणीचं नाव घेणं त्याच्याने. पिसिलाने वर बघितलं. "अहो, विचारतेय मी. महिना झाला? दोन?"

तोआकासेने निघताना कमरेच्या गुंडाळीत खोचलेला तो पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला. "सात आठवडे. मी हा बांधत होते. आई म्हणाली लंगडते, मी म्हटलं आळस. लिही. माझं नाव लिही."

पिसिलाने पट्ट्याकडे पाहिलं. तिने ओळखला असणार, कारण पेटीत तो पट्टा सगळ्या मुलींनी पाहिला होता. "तुमच्या पट्ट्यामुळे हाड सरकलं नाही," ती म्हणाली. "ह्या वयात, अंगाने भरलेल्या, झपाट्याने वाढणाऱ्या पोरांचं सरकतं, आणि आपल्या बेटांवर फार सरकतं. पण उशीर झाला तो पट्ट्यामुळे. खोटं नाही सांगत."

"नकोच सांगूस," तोआकासे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीच्या फळीपाशी मोठी पंचाईत. चाकाची खुर्ची धक्क्यापर्यंत आली, पुढे उचलून न्यायला हवं. आणि धक्क्यावर उभे असलेले गावातले सगळे तगडे जवान नात्याने लुपेचे भाऊ. सख्खे, चुलत, मावस, आमच्याकडे सगळे भाऊच, आणि वयात आलेल्या बहिणीच्या अंगाला भाऊ हात लावत नाही. ते आपले पाठ फिरवून समुद्र बघत उभे. तेव्हा कालच्याच रंगाने नखं माखलेल्या चार बायका पुढे झाल्या. चौघींनी खुर्ची उचलली. तोआकासे मागे मागे, लुपेचा डावा पाय दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, वाकून, धापा टाकत.

"आत्या, सोड गं, लोक हसतायत."

"हसू देत. पाय टेकवलास तर बघ."

"पण मी खुर्चीत आहे. टेकवू कशी?"

"तोंड बंद."

बोटवाला ओरडला, "बायांनो, एका बाजूला सगळ्या नका बसू, बोट कलंडेल!" त्यावर चौघींपैकी एक म्हणाली, "कलंडली तर तूच आधी पोहायला लाग, आम्ही तरंगतो." लुपेला हसू आवरेना. तोआकासेला काही ऐकू येत नव्हतं. अडीच तास बोट डुलत होती, आणि प्रत्येक लाटेला ती पाय असा धरत होती की तिच्या स्वतःच्या पाठीत उसण भरली. मनातल्या मनात तिने देवाला बजावलं, माझ्या चुकीचा हिशेब माझ्याशी कर, ह्या पायाशी नको.

मोठ्या इस्पितळात वाइओलेती नावाचे सर्जन होते. केस पिकलेले, बोलणं सावकाश, आणि पायांत चप्पल. त्यांनी एक्स-रे भिंतीवर लावला आणि बोटाने दाखवलं. हा गोळा, हे हाड, आणि ह्या दोघांच्या मधली ही पातळ रेघ. हाड वाढतं ते इथून. ही रेघ ढिली पडली आणि गोळा मागच्या बाजूला कलला.

"मग आता ओढून जागेवर बसवाल?" तोआकासेने विचारलं.

"नाही."

"नाही कसं?"

"ओढला तर त्याच्या रक्ताच्या नळ्या तुटतील. आम्ही ओढत नाही. जिथे आहे तिथेच धरून ठेवतो. बाजूने लहानसं छिद्र पाडून, यंत्रात बघत बघत, पेन्सिलीच्या जाडीचा एक लांब स्क्रू हाडातून गोळ्यात घालतो. पुढे वर्ष-दीड वर्षात ती रेघ भरून येते आणि दोन्ही एक होतात. मग गोळा कुठे जात नाही."

"म्हणजे पाऊल?"

"थोडं बाहेरच राहील. थोडंसंच. चालेल, धावेल, पोरंबाळं होतील. पुढे फारच अडलं तर हाड कापून वळवता येतं, पण ते मोठं काम, आणि आज त्याची गरज नाही."

तोआकासे खुर्चीत मागे टेकली. चाळीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. वाकडं दिसलं की ओढायचं. आणि हा चप्पल घातलेला माणूस तिला शांतपणे सांगत होता की ओढलंस तर मरेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलंही नाही.

"अजून एक," वाइओलेती म्हणाले. "उजवा खुबा आज चांगला आहे. पण आपल्याकडच्या पोरांचा एक सरकला की दुसराही सरकताना आम्ही फार पाहिलाय. माझं मत, एकाच भुलीत दोन्हीकडे स्क्रू घालावा. विचार करा."

हेनेली आणि मेलियामे, दोघांनी एकदम तोआकासेकडे बघितलं. सवयच ती. "अक्का, तुम्ही म्हणाल तसं," हेनेली म्हणाला.

"मी म्हणाले तसं सात आठवडे केलंत," तोआकासे म्हणाली. "बघा काय झालं ते. मी नाही बोलणार. खुबे माझे नाहीत. जिचे आहेत तिला विचारा."

सगळे लुपेकडे वळले. बारा वर्षांच्या पोरीला आत्यासमोर कुणी काही विचारलं आहे, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. लुपे खाटेवर बसली होती. तिने नखं खाल्ली, आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि मग सर्जनना विचारलं, "दोन्हीकडे घातलं तर नाचता येईल?"

"सहा आठवडे कुबड्या. मग हळूहळू चालणं. नाच, ती रेघ भरली की."

"आणि विमानतळावर ते यंत्र वाजेल का माझ्यामुळे?"

"वाजलं तर मला फोन करायला सांग त्यांना."

"मग दोन्हीकडे घाला," लुपे म्हणाली. "एका बाजूला नको. चालताना वजन एकीकडे झुकेल." सगळे हसले. मेलियामे तर हसता हसता रडायला लागली.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी झालं. आत जाताना लुपेने हात वर केले आणि खाटेवर पडल्या पडल्या नाचातली एक ओळ हातांनी करून दाखवली, मनगट वळवून, बोटं मिटत उघडत. दार बंद झालं. तोआकासे बाहेर व्हरांड्यात चटईवर बसली. बरोबर विणायला पाती आणल्या होत्या, पण एक पात विणून होईना. शेजारी दुसऱ्या बेटावरची एक अनोळखी बाई बसली होती, तिने काही न विचारता पाती हातातून घेतल्या आणि स्वतःच विणायला लागली. पावणेदोन तासांनी वाइओलेती बाहेर आले, टोपी काढत. "दोन्ही स्क्रू बसले. गोळा जागचा हलला नाही. झालं तुमचं काम."

तोआकासेने त्या माणसाचे दोन्ही हात धरले आणि तिला बोलता येईना. हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं, आणि हेनेली ते अजून गावाला सांगतो.

घरी आल्यावर सहा आठवडे तोआकासे भावाच्या घरी मुक्काम ठोकून राहिली. लुपे कुबड्यांवर, ही मागे. रस्त्यातला दगड उचल, ओली फरशी पूस, कोंबडी हाकल. नारळाच्या दुधातला माशाचा वाटा ताटात दुप्पट पडायचा, त्यावरून पिसिलाने येऊन दम दिला, "वजन वाढवू नका तिचं!" तोआकासेने आधी तोंड वाकडं केलं आणि मग मुकाट्याने वाटा अर्धा केला. पट्टा तिने पिसिलाकडून परत मागितलाच नाही. तो म्हणे इस्पितळातल्या खिडकीचं झापड बांधायला वापरतात.

त्याच दिवसांत ती पावलं बघायला लागली. पिसिलाकडून सगळं नीट समजून घेतलं, मांडी कशी बाहेर जाते, गुडघा कसा खोटं बोलतो, आणि चर्चच्या पायरीवर ठाण मांडलं. पहिल्या वर्षात तिने तीन पोरं इस्पितळात धाडली. दोघांचं काहीच निघालं नाही, त्यांच्या आयांनी खूप बोलून घेतलं. तिसऱ्याचं निघालं, तेही अगदी सुरुवातीचं, आणि तो पोरगा आता शाळेच्या संघात रग्बी खेळतो.

राहता राहिला नाच. सभागृहाच्या छपराचे पत्रे परदेशातून यायचे होते, ते काही येईनात. लोक वैतागले. तोआकासे एकटीच खूश. "येऊ देत सावकाश," ती म्हणायची. शेवटी उद्घाटन ठरलं तेव्हा लुपेला चौदावं लागून गेलं होतं, एक्स-रेमधली ती रेघ भरली होती, आणि वाइओलेतींनी कागदावर लिहून दिलं होतं, नाचायला हरकत नाही. सराव पुन्हा त्याच ओसरीवर. पण "गुडघे!" हा शब्द काही ऐकू आला नाही. डावं पाऊल बाहेर असायचं, चार बोटांनी, आणि तोआकासे हातांकडे बघत बसायची. एकदा लुपेच थांबली.

"आत्या, ओरड ना. तू ओरडत नाहीस तेव्हा मला वाटतं, मी आता नाचणारी नाहीच."

"पाऊल आहे तिथे राहू दे. हात असे कर की पावलाकडे बघायला कुणाला वेळ मिळू नये."

"आणि बघितलं तर?"

तोआकासेने तिचं मनगट धरून जरा वळवलं. आजूबाजूच्या तीन गावांतून माणसं येणार होती, आणि पाय बघणाऱ्या बायका काय बोलतील हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? त्या बायकांना पाय बघायला तिनेच तर शिकवलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सभागृह खचाखच. भाषणं झाली, प्रार्थना झाली, डुकरं वाटली गेली. मग लुपे मधोमध आली, अंगाला तेल चोपडलेलं, खांद्यावर आणि दंडावर ते चमकतंय, कमरेला पानांचा आणि सालीच्या कापडाचा साज, डोक्यात पिसं. गिटार वाजायला लागली. लुपेने हात उचलले, आणि खरं सांगायचं तर सभागृहाचा श्वासच अडकला. मनगटं वळत होती, मान एकेका ठोक्याला हलकेच कलत होती, चेहऱ्यावर ते हसू. मेलियामेचे डोळे वाहायला लागले. आणि नेमकं तेव्हाच पुढच्या रांगेतून शेजारच्या गावच्या एका म्हातारीचा आवाज आला, कुजबुज म्हणून काढलेला, पण चार रांगांना ऐकू गेलेला. "हात छान गं. पण पाऊल बघा की. तोआकासेची भाची म्हणे!"

लुपेने ते ऐकलं. तिचं हसू तसंच राहिलं, पण डावं पाऊल आत यायला धडपडलं, आणि येईना. तोआकासेने ते बघितलं. सगळ्या चटयांतल्या सगळ्यांत चांगल्या चटईवर ती बसली होती, आत्या म्हणून.

आमच्याकडे रीत आहे. मुलगी नाचत असली की तिच्या नात्यातलं कुणीही उठून तिच्या मागे वेडावाकडा नाच करतं, म्हणजे तिचा नाच अधिक डौलदार दिसतो. मामा उठतात, चुलते उठतात, गावातला एखादा हौशी विदूषक उठतो. पण तोआकासे चाळीस वर्षांत एकदाही उठली नव्हती. असल्या थिल्लरपणाला तिने कधी दारात उभं केलं नव्हतं.

ती उठली. समारंभासाठी कमरेला गुंडाळलेली मोठी चटई सावरत, दुखरी पाठ धरत, ती सगळ्या सभागृहाच्या देखत लुपेच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही पावलं बाहेर वळवली, बदकासारखी, पार बाहेर. गुडघे फाकवले, हात पसरले दोन गावांएवढे. आणि नाचायला लागली. म्हणजे नाचायला काय, डुलायला, धपधप पाय आपटत, डोळे फिरवत, त्या कुजबुजणाऱ्या म्हातारीच्या थेट नाकासमोर जाऊन.

क्षणभर कुणाला कळेना, हसावं की नाही. मग हेनेली हसला, मोठ्याने, बहिणीला, आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग अख्खं सभागृह फुटलं. पिसिला भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. ती म्हातारीसुद्धा टाळ्या पिटायला लागली. लुपेचं डावं पाऊल जिथे होतं तिथे निवांत टेकलं, आणि वर तिचे हात असे फिरायला लागले की वाजवणारे वाजवायचं विसरले असते.

शेवटच्या ओळीला लुपेने मान कलती केली. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून तिने बघितलं नाही. ओठांवरचं हसू जराही न मोडता, फक्त तोआकासेला ऐकू जाईल इतक्या हळू ती म्हणाली,

"आत्या, गुडघे!"